नवव्या भागातली चार पानं

ऑपरेटरबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बसल्या तरी हात चालूच. रुमालाची घडी घालायची आणि मोडायची. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायच्या, मग उलट्या क्रमाने लावायच्या. लेक वैतागून म्हणायची, "आई, तू माणूस आहेस की शिलाई मशीन?" बाई म्हणायच्या, "मी रिटायर झाले गं, पण या हातांना ते कुणी सांगितलंच नाही."

एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. एक टोक इकडे खुपसायचं, दुसरं तिकडे, की दोन माणसं जोडली जायची. ती जोडली की आपण बाजूला व्हायचं. मध्ये बोलायचं नाही आणि ऐकलेलं घरी न्यायचं नाही, हा तिथला पहिला धडा. पण कान ते कान. समोरच्याने श्वास घेतला की बाईंना कळायचं, आता रडं येणार की हसू. पुढे यंत्रं आली आणि बोर्ड भंगारात गेला. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता, तोही एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. दोन खोल्यांच्या घरात बाई आणि लेक अशा दोघीच उरल्या. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने लग्न केलं नव्हतं, आणि तो विषय घरात काढायचा नाही असं दोघींचं न बोलता ठरलेलं होतं.

दिवसभर भिरभिरणाऱ्या या बाई संध्याकाळी सहा वाजता मात्र अर्धा तास खुर्चीला चिकटायच्या. त्यांच्या धर्माचा जाडजूड ग्रंथ मांडीवर घ्यायचा आणि चार पानं वाचायची. बारा भागांचा ग्रंथ. वर्षभरात एकदा पुरा व्हायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. हे लग्नाच्याही आधीपासून चालत आलं होतं.

मग डोळ्यांनी दगा दिला. कडेकडेचं दिसायचं आणि मधोमध राखाडी डाग. चालता यायचं, चहा करता यायचा. पण माणसाकडे पाहिलं की तोंडाच्या जागी डाग आणि पानाकडे पाहिलं की ओळीच्या जागी डाग. सातव्या भागाच्या मध्यावर वाचन थांबलं. सहा वाजले की बाईंच्या जिवाची घालमेल व्हायची. त्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या. एकदा तर धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा धुतली.

लेकीने वाचून पाहिलं. दुसऱ्याच पानावर बाईंनी हात वर केला. "पुरे गं. तू औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यासारखं वाचतेस. 'देवाची आठवण दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं वाटतं ऐकताना."

"तुला आवडत नसेल तर रेकॉर्डिंग मिळतं," लेक म्हणाली, आणि तिने ते आणूनही दिलं. त्यातली वाचणारी गोड आवाजात सुसाट वाचत सुटायची. बाई "थांब, थांब" म्हणायच्या, ती कशाला थांबतेय! मग प्रार्थनागृहाच्या चिटणिसांनी दोन सेविका पाठवल्या. त्या प्रत्येक ओळीला थांबायच्या आणि तिचा अर्थ बाईंना समजावून सांगायच्या. पन्नास वर्षं ग्रंथ वाचलेल्या बाईंना! तिसऱ्या दिवशी बाईंनी डोकं दुखत असल्याचं सांगून त्यांना वाटेला लावलं.

अशात एका सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकावर बसून पर्सची चेन उघड-बंद करत असताना, बाईंना एक आवाज ऐकू आला. कुणी म्हातारा गृहस्थ शेजारच्याला फॉर्म वाचून दाखवत होता. नाव, पत्ता, पूर्वीचे आजार, एवढंच. पण काय वाचत होता! शब्द न शब्द सुटा, आणि घाई नाही. बाईंची चेन अर्ध्यावर थांबली.

"अहो," त्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या, "तुम्ही मास्तर होता का?"

"नाही हो. जुळारी होतो, छापखान्यात. शिशाचे खिळे उचलून उलट्या अक्षरांच्या ओळी लावायच्या. चाळीस वर्षं केलं. आता हात कापतो, पण वाचायची सवय गेली नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नुसतं दाखवायला आलोय."

"संध्याकाळी काय करता?"

ते हसले. "सून टीव्ही लावते. मी उठून दुसऱ्या खोलीत जातो."

बाईंनी आढेवेढे न घेता विचारलं. रोज अर्धा तास, चार पानं. आणि ग्रंथाचं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "तो ग्रंथ मी जुळवलाय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. पण बाई, मी तुमच्यातला नाही." आणि आपला धर्म सांगितला.

बाई गोंधळल्या. चेन पुन्हा सुरू झाली. "आवाजावरून वाटलं नाही."

"मग आवाजावरून काय वाटलं?"

"की तुम्ही स्वल्पविरामाला थांबता."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना जुळारी दारात हजर. लेक दुकानातून आली नव्हती. बाईंनी ग्रंथ काढून ठेवला होता, पण तो हातात द्यायची वेळ आली तेव्हा त्यांची जीभ अडखळली. "तुम्ही... म्हणजे... हात धुता का आधी?"

"धुतलेत. शिशाच्या धंद्यातला माणूस मी, हात धुतल्याशिवाय आम्ही कशालाच शिवत नाही. पण पुन्हा धुतो. मोरी कुठे आहे?"

ते हात धुऊन आले, पुसले आणि वाचू लागले. बाईंनी जवळजवळ सात महिन्यांनी तो ग्रंथ नीट ऐकला. त्यांचे हात मांडीवर पालथे पडून राहिले.

पण सगळं काही असं गोडीगुलाबीने चाललं नाही. जुळाऱ्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ वाचन संपता संपता व्हायची. "घरी पोचेपर्यंत चुकते," ते म्हणाले, "तुमच्या गॅलरीत उभा राहिलो तर चालेल? दहा मिनिटं." बाई हो म्हणाल्या खऱ्या, पण ती दहा मिनिटं त्यांना खायला उठायची. आपल्या घरात, आपल्या गॅलरीत, कुणीतरी दुसऱ्याच देवाशी बोलतंय! आपल्या देवाला काय वाटेल? त्या स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवायच्या, झाकणं आपटायच्या. चौथ्या दिवशी गॅलरीतून आवाज आला, "बाई, भांडी जरा हळू." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्या दहा मिनिटांत त्या झाकणाला हात लावत नसत; पण एका जागी उभ्या राहून पायाच्या बोटांनी फरशी खरवडत राहत.

चिटणिसांच्या कानावर गेलंच. ते घरी आले, चहा घेतला आणि हळूच म्हणाले, "आपल्यातलं कुणी मिळालं नाही का वाचायला?"

"मिळालं की. तुम्हीच पाठवल्या होत्या ना त्या दोघी."

"त्यांचं काय वाईट होतं?"

"काही नाही. त्यांना ग्रंथापेक्षा जास्त कळत होतं, एवढंच."

चिटणीस कपातला चहा तसाच ठेवून उठले. लेक रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाली, "आई, लोक बोलतात. दुकानात दोघींनी विचारलं मला." बाई म्हणाल्या, "बोलू दे. मी एकतीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकलंय. नव्वद टक्के हवापाण्याबद्दल असतं." तोंडाने असं म्हणाल्या, पण त्यांचं जेवण अर्धवट राहिलं.

आठव्या भागात एक गंमत झाली. जुळारी वाचता वाचता एका ओळीवर थांबले. पुस्तक मिटून शेवटचं पान पाहिलं, छापखान्याचं नाव वाचलं आणि म्हणाले, "माझंच आहे हे. बाई, ही पुढची ओळ तुम्हाला पाठ असेल."

"'सोडणाऱ्याला शांती मिळते,'" बाई ताडकन म्हणाल्या. "माझी फार आवडती ओळ."

"ती 'सोसणाऱ्याला' अशी आहे. खिळ्यांच्या पेटीत माझा हात चुकीच्या खणात गेला, 'स'च्या ऐवजी 'ड' आला. दोन्ही शब्द बरोबर, म्हणून तपासणाऱ्यालाही कळलं नाही. छापून झाल्यावर मला दिसलं. मालक म्हणाले, राहू दे. पण दुसऱ्यांच्या ग्रंथात माझी चूक, म्हणून इतकी वर्षं मनाला लागून राहिलंय."

मग बाईंनी आपली गोष्ट सांगितली. त्या बत्तीस वर्षांच्या असताना सासरी एका छताखाली अकरा माणसं राहत होती. बाईंची कामाची वेळ कधी सकाळची, कधी दुपारची. त्यावरून थोरली जाऊ रोज घालूनपाडून बोलायची. सोसावं की निघावं, या विचाराने त्यांना वेड लागायची पाळी आली होती. त्याच आठवड्यात ही ओळ आली. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "देवाने सांगितलंय, निघू या." आणि या दोन खोल्या घेतल्या.

हे ऐकून जुळाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माझ्या चुकीने तुम्ही घर मोडलंत?"

"मोडलं कुठे? केलं!" असं म्हणून बाई जे हसत सुटल्या, की शेजारीण दारात येऊन पाहून गेली.

पण हसू संपल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आठवा भाग संपत आलाय. आणि नवव्या भागात ती चार पानं होती.

त्या पानांत जुळाऱ्यांच्या धर्माबद्दल लिहिलं होतं. नाव घेऊनच. त्यांच्या प्रार्थना वाऱ्यासारख्या येतील आणि जातील, कुणी ऐकणार नाही. शेवटच्या दिवशी त्यांना दाराबाहेर ठेवलं जाईल, आत उजेड असेल पण तो त्यांच्यावर पडणार नाही. आणि पुढे याहून कडक. बाईंनी ही पानं दरवर्षी वाचली होती आणि दरवर्षी त्यांना ती पावसापाण्यासारखी साधी वाटली होती. कुणीतरी कुठेतरी दाराबाहेर राहणार, राहो बापडे. आता त्या 'कुणीतरी'ला आवाज होता, आणि तो रोज त्यांच्याच गॅलरीत उभा राहून प्रार्थना करत होता.

बाईंची झोप उडाली. किती पानं उरली याचा त्या मनात हिशेब करायच्या. दोन दिवस त्यांनी ताप आल्याचं सोंग केलं. लेकीने कपाळाला हात लावून पाहिला आणि ती दुकानात निघून गेली. शेवटी बाईंनी तिला म्हटलं, "ती चार पानं एकत्र कर आणि त्यांना चिमटा लाव, कागदांचा असतो तो. नाहीतर ते बिचारे वाचत जातील."

"तू त्यांना सरळ सांगत का नाहीस?"

"काय सांगू? 'तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय, ते सोडून पुढचं वाचा' असं?"

लेकीने चिमटा लावला.

दुसऱ्या संध्याकाळी जुळारी त्या पानापाशी आले. बाईंनी रुमाल पिळायला घेतला. "ते तेच तेच आहे पुढे," त्या म्हणाल्या, "पुढच्या खुणेपासून वाचा."

चिमटा निघाल्याचा आवाज बाईंनी ऐकला.

"बाई, ही पानं मी विसरलो असेन असं वाटलं तुम्हाला? आठवडा गेला होता जुळवायला. सव्वीस वर्षांचा होतो. मुख्य जुळारी म्हणाला, 'हे दुसऱ्या कुणाला देऊ का?' मी म्हटलं, कशाला? काम ते काम. एकेक अक्षर उचलून मी आपल्या हाताने लावलंय."

"मग आता नका ना वाचू."

"तुम्ही एकटीने वाचता तेव्हा गाळता?"

बाईंना खोटं बोलता येईना. "नाही."

"मग मीही गाळणार नाही." आणि त्यांनी वाचलं. चारही पानं, त्याच आवाजात, स्वल्पविरामाला थांबत. बाईंना वाटलं, ही चार पानं नाहीत, चाळीस आहेत. त्या दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. वाचून झाल्यावर जुळाऱ्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुम्हाला हे खरं वाटतं?"

बाईंनी पिळलेला रुमाल मांडीवर सरळ केला. मग म्हणाल्या, "ग्रंथ खरा आहे. मी तो खोटा आहे असं म्हणू शकत नाही. आणि तुम्ही दाराबाहेर राहाल असंही मला वाटत नाही. दोन्ही एकदम कसं बसवायचं, ते मला कळत नाही."

जुळारी "बरं" म्हणाले. त्या दिवशी ते गॅलरीत गेले नाहीत. चपला घालून सरळ जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी घरभर फेऱ्या घालून लेकीला भंडावून सोडलं. जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे. पाचव्या दिवशी लेक दुकानात गेल्यावर त्यांनी काठी घेतली आणि एकट्याच निघाल्या.

जुळाऱ्यांची वस्ती पायी दहा-बारा मिनिटांवर. तिथले सगळे त्यांच्याच धर्माचे. एक्स्चेंजमध्ये असताना बाईंनी या गल्ल्यांना हजारो फोन जोडून दिले होते, नंबर अजून पाठ होते. पण चाळीस वर्षांत पाऊल कधी ठेवलं नव्हतं. ठेवावंसं वाटलंच नव्हतं. डोळ्यांच्या कडांनी भिंत धरत, सायकलच्या दुकानातल्या माणसाला विचारत, दोनदा चुकून त्या पोचल्या. दार सुनेने उघडलं. चेहऱ्याच्या जागी डाग, पण आवाज पुरेसा होता.

"तुम्ही का त्या ग्रंथवाल्या?"

"हो. बरं नाही का त्यांना?"

"ताप नाही, खोकला नाही. नुसते बसून असतात. चार दिवस धड जेवलेले नाहीत. काय वाचून घेतलंत हो तुम्ही त्यांच्याकडून?"

बाई उंबऱ्याबाहेरच काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. आतून जुळाऱ्यांचा आवाज आला, "येऊ दे त्यांना."

खोली लहान होती. खाटेच्या कडेला बसायला जागा झाली. जुळारी म्हणाले, "मलाच कळेना बाई. तेव्हा जुळवताना काही वाटलं नव्हतं असं नाही, पण गिळलं. तेव्हा मी एकटा होतो. समोर फक्त खिळे. या वेळी तुमच्यासमोर वाचलं आणि तुम्ही 'ग्रंथ खरा आहे' म्हणालात. ते बोचलं."

"मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही. म्हणून तर जास्त बोचलं."

बाई थोडा वेळ काठीची मूठ फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या ग्रंथात आमच्याबद्दल काही आहे का?"

"आहे."

"बरं आहे की वाईट?"

"फार काही बरं नाही."

"मग वाचा."

"कशाला उगाच—"

"वाचा म्हणते ना!"

सून दारात थबकली. जुळाऱ्यांनी आपला ग्रंथ काढला, पान शोधलं, आणि बाईंच्या लोकांबद्दल जे होतं ते वाचलं. ज्यांनी हाक ऐकली आणि ओ दिली नाही, त्यांना शेवटच्या दिवशी कुणी हाक मारणार नाही. सगळ्यांची नावं घेतली जातील, त्यांचं घेतलं जाणार नाही. ते ऐकत उभे राहतील.

बाईंनी ठरवलं होतं की मध्ये बोलायचं नाही. पण त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे काय? कुणी हाक मारणार नाही म्हणजे? मी जन्मभर एका हाकेला ओ दिलीय, रात्रपाळीत दिलीय, अंगात ताप असताना दिलीय! मी काय केलंय यांचं?"

"मी गेले चार दिवस हेच विचारतोय," जुळारी म्हणाले.

सुनेच्या तोंडून आधी एक हुंकार निघाला, मग हसू. ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. जुळारीही हसले, पण बाई काही हसल्या नाहीत. त्या खरोखरच चिडल्या होत्या. चहा पिऊन होईपर्यंत त्यांचा राग गेला नाही, आणि घरी जाताना सून त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिच्याशीही त्या तावातावाने तेच बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना जिन्यात पाऊल वाजलं.

याला आता चार वर्षं होऊन गेली. ग्रंथ चारदा पुरा झाला. नववा भाग आला की ती चार पानं वाचली जातात आणि त्या संध्याकाळी दोघांचं भांडण होतं, ठरल्यासारखं. जुळारी म्हणतात, चूक लिहिणाऱ्याची असेल. चुकीच्या खणात हात जातो माणसाचा, मला माहीत आहे. बाईंना हे पटत नाही. ग्रंथात खोट काढलेली त्यांना चालत नाही. त्या म्हणतात, लिहिलंय ते बरोबरच असेल, आपल्यालाच कळत नाही. मग जुळारी विचारतात, "म्हणजे मी बाहेर?" आणि बाई म्हणतात, "गप्प बसा हो!" चिटणीस अजून येतात, चहा घेतात, विषय काढतात आणि कप अर्धा ठेवून जातात. जुळाऱ्यांच्या मुलाला बापाचं हे जाणं-येणं आजही पसंत नाही. त्यावरून त्या घरात अधूनमधून आवाज चढतात. सून मात्र कधी कधी सासऱ्याला घ्यायला येते आणि गॅलरीत त्यांच्या शेजारी उभी राहते.

त्या दहा मिनिटांत बाई आता स्वयंपाकघरात जात नाहीत. खुर्चीत बसून त्या आपल्या देवाशी बोलतात. पूर्वी त्यांच्या प्रार्थनेत मागणं फारसं नसायचं. आता त्या दाराबद्दलचा एक प्रश्न असतो, आणि रोज तो जरा वेगळ्या शब्दांत असतो, की निदान कुठल्यातरी शब्दांनी उत्तर येईल. ते आलेलं नाही. कधी कधी विचार करता करता त्या उठतात आणि खोलीत फेऱ्या मारू लागतात. दुकानातून दमून आलेली लेक म्हणते, "आई, बस जरा."

"बसते," बाई म्हणतात, आणि चालत राहतात.